मी काय मानते ते क्षयानं विचारलं

रक्ताची तार

ज्याच्या थुंकीत पहिल्यांदा रक्ताची तार दिसली आणि ज्यानं ती चपलेनं मातीत मिसळून टाकली, त्याच्यासाठी मी हे लिहिते आहे. मीही तेच केलं होतं. पिंपळगाव राजाला मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या भिंतीपाशी खोकला आला, थुंकले, आणि पाहिलं. पदरानं तोंड पुसून वर्गात गेले आणि मुलींकडून तेराचा पाढा म्हणून घेतला. पुढे दोन महिने कुणाला काही सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण सुजाता. माझी मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. सांगितलं असतं तर तिला माझ्यापासून तोडली असती. म्हणून मी गप्प राहिले आणि रोज तिला पाजत राहिले. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तिला काही झालं नाही, पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

शेवटी एके दिवशी फळ्याजवळच चक्कर येऊन पडले. माझे यजमानही शिक्षक, शेजारच्या गावात. ते मला खामगावला घेऊन गेले. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलले. दोन्ही बाजूंना डाग आहेत, बुलढाण्याला भरती करा, वर्ष तरी लागेल. मग माझ्याकडे वळून विचारलं, लहान मूल आहे का. मी मान हलवली. "आजपासून ते वेगळं," एवढंच ते म्हणाले.

परतीच्या गाडीत यजमानांनी मला खिडकीशी बसवलं आणि ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. डॉक्टरांनी तसं करायला सांगितलं नव्हतं. मी त्यांची मान पाहत गावापर्यंत आले.

भरतीचा दिवस यायला आठवडा होता. तेवढे दिवस सुजाता माझ्या मायकडे, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहिली. पलीकडे ती रडायची आणि इकडे माझी चोळी ओली व्हायची. माय तिला गूळपाणी पाजून, पाठ थोपटून गप्प करायची. मी भिंतीला कान लावून बसायचे. तिचं रडणं थांबलं की बरं वाटायचं, तरी मी कान भिंतीवरून काढायचे नाही.


धर्म कोणता

बुलढाण्याचा क्षयाचा दवाखाना गावाबाहेर होता. तिथली हवा थंड, वारा दिवसभर वाहता. बायकांच्या वॉर्डात सोळा खाटा होत्या. माझी खाट व्हरांड्याच्या टोकाला. शेजारच्या खाटेवर पन्नाशीच्या कावेरीबाई होत्या. देऊळगाव राजाकडच्या, मोठ्या शेतकरी घरातल्या. उशाशी बालाजीची लहानशी तसबीर आणि पितळी तांब्या. मी आले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की तांब्यातलं पाणी घे, इथलं पाणी मचूळ आहे.

तेवढ्यात सिस्टर माझा कागद भरायला आली. नाव, वय, गाव आणि मग धर्म. मी म्हटलं, "बौद्ध."

आमच्या वस्तीनं धर्म बदलला त्याला तेव्हा सहाएक वर्षं झाली होती. महाराष्ट्र राज्य होऊनही दोनेक वर्षं झाली होती. तरी कागद भरणारी माणसं त्या शब्दापाशी अडखळायची. सिस्टर अडखळली नाही, तिनं लिहिलं. फक्त सहज, वाईट भाव न ठेवता विचारलं, "तुमच्यात काय मानतात?"

मी म्हटलं, "देव मानत नाही. नवस मानत नाही. अंगारा-धुपारा मानत नाही. जात मानत नाही."

"ते झालं. पण मानता काय?"

मी तोंड उघडलं आणि मला काही बोलता आलं नाही. पाठ केलेल्या ओळी होत्या, त्या सभेत म्हणायच्या असतात. ताप चढलेल्या, सोळा महिन्यांचं लेकरू मागं टाकून आलेल्या बाईनं खाटेवर बसून काय म्हणायचं, ते मला ठाऊक नव्हतं. सिस्टर वाट पाहून पुढच्या खाटेकडे गेली. मी वळून पाहिलं तर कावेरीबाईंनी पितळी तांब्या माझ्या बाजूनं उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला होता.


कोरं पान

दवाखान्याचा दिवस सकाळच्या घंटेनं सुरू व्हायचा. झाकणाचा थुंकायचा डबा रिकामा करायचा, तोंडात तापमापक धरायचा, मग सुई. आज उजवीकडे, उद्या डावीकडे. सिस्टर टोचण्याआधी तिथं जोरात चिमटा घ्यायची, म्हणजे सुई कळत नाही. तिच्या त्या चिमट्याचे मी आजही उपकार मानते. मग कडू पुड्या. मग दूध आणि उकडलेलं अंडं. दुपारी दोन तास बोलायची बंदी, नुसतं पडून राहायचं. सोमवारी वजन. वजनाच्या दिवशी कुणी कुणाकडे पाहत नसे. ज्या बाईचं वजन तीन सोमवार उतरायचं तिच्या खाटेकडे बाकीच्या वळूनही बघत नसत.

त्या बोलायची बंदी असलेल्या दुपारी मी एक वही काढली. शाळेतून आणली होती. पहिल्या पानावर लिहिलं, "मी काय मानत नाही." पाच मिनिटांत पान भरलं. मग पान उलटून लिहिलं, "मी मानते की" आणि थांबले.

पहिल्या दिवशी लिहिलं, मी मानते की सगळी माणसं सारखी आहेत. लिहिताना नजर कावेरीबाईंच्या तांब्याकडे गेली. मग वाटलं, हे मी मानते, की मला ते हवं आहे? मानणं आणि हवं असणं वेगळं. खोडलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, मी मानते की मी बरी होईन. त्या आठवड्यात वजन उतरलं. खोडलं. मग लिहिलं, दुःखाला कारण असतं. हे मला शिकवलं होतं आणि मी मुलींना शिकवलंही होतं. पण माझ्या दुःखाचं कारण म्हणजे काय? पावसाळ्यात गळणारी शाळेची खोली? की बाळंतपणानंतर महिनाभरात कामावर गेले ते? की कुणा खोकणाऱ्या मुलीचा श्वास? कारण कळलं तरी त्याचं काय करू? ते खोडलं नाही, पण त्याच्यापुढे काही लिहिताही आलं नाही.

ज्यांना असं वाटतं की दुखण्यात माणूस शहाणा होतो, त्यांना मी सांगते, मी झाले नाही. मी चिडकी झाले, मत्सरी झाले. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं वजन वाढलं की मला राग यायचा. यजमान दर आठवड्याला कार्ड पाठवायचे, "मन खंबीर ठेव, आपण विचारानं चालणारी माणसं आहोत." ते कार्ड मी फाडून टाकायचे. चांगल्या छातीच्या माणसाचा खंबीरपणा मला सहन होत नव्हता.


काळा दोरा

तिसऱ्या महिन्यात मला वाटीभर रक्त पडलं. वजन आणखी उतरलं. डॉक्टर खाटेशी उभे राहून इंग्रजीत सिस्टरशी बोलले आणि मराठीत मला म्हणाले की काळजी करू नका. ते आधी कधी तसं म्हणाले नव्हते.

घरी तार गेली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी माय आली. खामगावहून गाडी बदलून, बोथ्याचा घाट चढून, एकटी. तिनं आयुष्यात इतका लांब प्रवास एकटीनं केला नव्हता. खाटेवर बसली आणि कनवटीतून काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा ताईत काढला.

ह्या ठिकाणी मागचं सांगायला हवं. धर्म बदलला तेव्हा आमच्या घरातले देव मी स्वतः नदीत सोडले होते. अठरा वर्षांची होते, सातवीची फायनल पास झालेली, सगळ्या वस्तीत शिकलेली मुलगी मीच. मायच्या लग्नापासूनचे देव, तिच्या सासूनं तिला दिलेले. माय काठावर उभी होती. तिनं मला अडवलं नाही. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही, तेव्हा मला वाटलं, समजेल हळूहळू. ते दोन दिवस मी तिच्याजवळ बसले नव्हते. मी सभेला गेले होते.

"बांध," माय म्हणाली. "मरीमायच्या भगताकडून आणला."

मी म्हटलं, "माय, आपण हे सोडलं न."

"तू सोडलं. मी तुह्या मागं आली. तू शिकलेली, तुले समजते म्हणून आली." तिनं माझा दंड धरला. "तू नोको मानू. मी मानतो न. माह्यासाठी बांध. मले पोरगी पाह्यजे."

मी हात पुढे केला. मायसाठी केला असं लिहिलं तर सोपं होईल, पण ते खरं नाही. त्या क्षणी मला वाटलं, कोण जाणे, नदीत सोडलेल्यांपैकी कुणी खरंच रागावलं असलं तर. मी माझ्यासाठी बांधला.

पहिल्या रात्री झोप लागली. मग वेगळीच गोष्ट सुरू झाली. ताईत सुटेल का, भिजेल का, उजव्या दंडाऐवजी डाव्या दंडावर बांधायला हवा होता का. अंघोळीची बाई अंग पुसायला आली की माझा जीव वर यायचा. माझी भीती त्या ताईतानं कमी झाली नाही, तिला बसायला जागा मिळाली एवढंच. तरी मी तो काढला नाही. काढायचीही भीती वाटत होती.

पुढच्या रविवारी यजमान आले आणि त्यांना दोरा दिसला. हा माणूस वस्तीत घरोघर जाऊन लोकांच्या कोनाड्यात लपवलेले देव बाहेर काढायला लावणारा. एका म्हाताऱ्याला त्यांनी भर सभेत उभं करून विचारलं होतं की तुझ्या घरात अजून मरीमाय का आहे. ते उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं आता ते निघून जातील.

ते परत आले, खाटेवर बसले. खामगावच्या गाडीनंतर इतक्या जवळ ते पहिल्यांदाच बसले.

"परवा मी मारुतीच्या पारापाशी थांबलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हात नाही जोडले. काही मागितलंही नाही. नुसता उभा राह्यलो. मले कायच सुचून नाही राह्यलं."

लग्नाला चार वर्षं झाली होती. इतकं खरं ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. ताईत काढ असं ते म्हणाले नाहीत. मीही काढला नाही. सिस्टर भेटीची वेळ संपली म्हणेपर्यंत ते खाटेवरून उठले नाहीत.


कावेरीबाई

कावेरीबाईंचा मुलगा महिन्यातून एकदा यायचा. तो व्हरांड्याच्या पायरीवरच थांबायचा, फराळाचा डबा जमिनीवर ठेवून मागं सरकायचा, आणि मग कावेरीबाई उठून डबा उचलायच्या. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी आजी आठवली. आजीला पाटलाच्या दारात भाकर तशीच मिळायची, जमिनीवर ठेवलेली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बघा म्हणावं, कसं असतं ते. ह्या बरं वाटण्याची मला नंतर लाज वाटली, पण आधी बरं वाटलं होतं हे खरं.

पुढे तो मुलगा यायचा थांबला. कावेरीबाई डबा येईल म्हणून दर महिन्याला केस विंचरून बसायच्या.

एका दुपारी, बोलायची बंदी असतानाच, त्यांनी मला हाक मारली. आधी कधी मारली नव्हती. "मास्तरीणबाई, तुमच्यात माणूस मेल्यावर कुठं जातं?"

मी शिकलेलं उत्तर दिलं. आत्मा असं काही नसतं, जाणारं कुणी नसतं, दिवा विझतो तसं.

"मग मी जाऊ कुठं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. दिवसभर त्यांचा चेहरा तसाच होता आणि तो मी केला होता. सभेत मी हेच वाक्य टाळ्यांमध्ये बोलले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या दंडावरचा दोरा दिसला.

"तुमच्यात चालतं का हे?"

"नाही चालत," मी म्हटलं.

"मग मला दे. मला लई भ्या वाटतंय."

मी ताईत सोडला आणि त्यांच्या दंडावर बांधला. त्यांचा दंड इतका वाळला होता की दोऱ्याला तीन वेढे द्यावे लागले. महारणीनं बांधलेला मरीमायचा ताईत, त्यांच्या घरात कुणी पाहिला असता तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांनी पदर ओढून दंड झाकून घेतला. आणि मला? मला वाटलं होतं की ताईत गेल्यावर मी भीतीनं मरेन. तसं काही झालं नाही. होती तेवढीच भीती राहिली.

तीन आठवड्यांनी, टळटळीत दुपारी, त्यांना श्वास पुरेना. डॉक्टर येऊन गेले, सिस्टर प्राणवायूची नळी लावून मुलाला निरोप पाठवायला गेली. कावेरीबाईंनी माझ्याकडे हात केला. मी उठून त्यांच्या खाटेवर बसले.

"नाव घे," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

"बालाजीचं. मला जमंना. तू घे."

सहा वर्षांत मी कुठल्या देवाचं नाव घेतलं नव्हतं. सवयीनं "अरे देवा" निघालं तरी जीभ चावायचे. मुलींच्या प्रार्थनेच्या वेळी मी ओठ मिटून उभी राहायचे आणि त्याचा मला अभिमान होता. मी आजूबाजूला पाहिलं. तिला कानात नाव सांगणारं दुसरं कुणी त्या व्हरांड्यात नव्हतं. मी वाकले आणि तिच्या कानाशी "बालाजी, बालाजी" म्हणत राहिले. मध्ये तिनं पाणी मागितलं. तिच्याच पितळी तांब्यातलं पाणी मी चमच्यानं पाजलं. ती प्याली. मी पुन्हा म्हणत राहिले. माझा स्वतःचा श्वास तुटत होता, खोकला येत होता, तरी थांबले नाही. सिस्टर परत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत मी म्हणत होते, आणि कावेरीबाई त्याच्या बऱ्याच आधी गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी वही काढली. "मी मानते की" च्या पुढे लिहिलं: "माणूस एकटं पडलं असेल तर त्याच्याजवळ बसावं, आणि त्याला लागेल ते त्याच्या भाषेत द्यावं." हे कुठल्या ग्रंथात आहे का, भगवंतांनी सांगितलं आहे का, हे मला त्या वेळी आठवलं नाही. असेलही. मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं आणि ती खोडली नाही.

ताईत मी माझ्या भीतीपोटी बांधला होता, त्याची मला लाज वाटते. बालाजीचं नाव मी घेतलं, त्याची वाटत नाही. दोन्ही गोष्टी धर्म बदलताना घेतलेल्या आमच्या प्रतिज्ञेच्या बाहेरच्या. पण त्या एक नाहीत, एवढं मला त्या दिवशी कळलं.


पुड्या

वाचणाऱ्याला वाटलं असेल की इथून माझं बरं झालं. नाही. इथून सगळ्यात वाईट दिवस आले. कावेरीबाईंच्या खाटेवर दुसरी बाई आली, तीही दीड महिन्यात गेली. माझं वजन हललं नाही. मी कडू पुड्या खायचं सोडलं. सिस्टर समोर असेपर्यंत गालात धरायचे आणि मग खिडकीतून थुंकायचे. आठ-नऊ दिवस. कुणाला सांगितलं नाही. वहीत एक छान वाक्य लिहिलं होतं, पण त्या वाक्यानं जगावंसं वाटत नव्हतं. वाक्यं माणसाला जगवत नाहीत.

त्याच दिवसांत माय सुजाताला घेऊन आली. लहान मुलांना आत येऊ देत नसत. मी व्हरांड्याच्या कठड्यापाशी उभी राहिले आणि माय फाटकाशी, कडेवर सुजाता. ती आता दोन वर्षांची होत आली होती. केस वाढले होते. मायनं माझ्याकडे बोट करून तिला काही सांगितलं. सुजातानं माझ्याकडे पाहिलं, मग मायच्या मानेत तोंड खुपसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, घरी." ती मायला आई म्हणत होती.

मी खाटेवर येऊन पडले. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. ती मला विसरली, म्हणजे मी गेले तरी तिचं काही अडणार नाही. आता मी मोकळी. हा विचार मी खूप वेळ केला. तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं पुडी दिली आणि मी ती गिळली. का, ते मला आजही सांगता येत नाही. कुठलं बळ आलं, कुणी हात धरला, असं काही झालं नाही. जीभ कडू झाली, वर दूध प्याले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गिळली.

दोन महिन्यांनी वजन थोडं चढलं. फोटोतले डाग होते तेवढेच राहिले, मग आकसले. एकूण सोळा महिने मी तिथं होते.


सकाळची गाडी

घरी आले तेव्हा शाळेनं मला लगेच घेतलं नाही. पालक मुली पाठवणार नाहीत म्हणाले. सुजाता महिनाभर माझ्याजवळ यायची नाही. मी घरी बसून होते. लोक पाहायला यायचे, दारातूनच बोलून जायचे.

एक दिवस आमच्याच वस्तीतली गोदा आली. तिचा नवरा शामराव खाणीवर गिट्टी फोडायचा. चार महिने खोकत होता. ती दारात न थांबता आत येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, खरं सांगा. तुम्ही कोणाले नवस केला होता? मी सरांले सांगत नाही."

यजमान अंगणातच होते. त्यांनी ऐकलं असेल, पण वळून पाहिलं नाही.

मला दोन उत्तरं सुचली. एक सभेतलं. ते दिलं असतं तर ती मान हलवून गेली असती आणि थेट भगताकडे पोहोचली असती. दुसरं, गप्प राहायचं. मी तिला खरं सांगितलं. ताईत बांधला होता हे सांगितलं. तो नंतर मी शेजारच्या बाईला दिला, ती बांधलेला असतानाच गेली, आणि मी तो सोडल्यावर जगले, हे सांगितलं. सुया आणि पुड्या किती घेतल्या ते सांगितलं. पुड्या थुंकल्या तेही सांगितलं.

"म्हंजे दवाखान्यानं माणूस वाचतेच?" गोदानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "सगळी नाही वाचत. माझ्यासमोर किती गेल्या. पण दुसरा रस्ता मला माहीत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं चला. मी येते."

त्या फाटकात पुन्हा पाय ठेवायची माझी तयारी नव्हती, तरी मी बोलून गेले होते. यजमान आत आले आणि म्हणाले की ते सुजाताला सांभाळतील.

गाडीत शामराव खोकायला लागला तशी आमच्या पुढची-मागची माणसं उठून दूर गेली. मी बाकावर त्याच्या शेजारी बसून होते, गोदा खाली पायाशी. घाटात त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. परका पुरुष, गावात कुणी पाहिलं असतं तर चर्चा झाली असती. मी त्याला हलवलं नाही.

शामराव वाचला नाही. उशीर झाला होता. बुलढाण्याला पाच आठवडे होता आणि गेला. मी दर रविवारी जाऊन यायचे, पण गेला त्या दिवशी नव्हते. गोदा होती.

वस्तीत लोक बोलले. मास्तरणीनं नेला आणि मारून आणला, भगताकडे नेला असता तर निदान घरात मेला असता. मी गोदाच्या दारात जाऊन बसले, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी तरी बसले. असे बरेच दिवस गेले. वही मी उघडली नाही. त्या ओळीनं गोदाला काय दिलं होतं? काहीच नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी दाराची कडी वाजली. मी उघडलं. गोदा उभी होती. कडेवर तिची चार वर्षांची मुलगी, गालांवर तापाची लाली, छातीतून घरघर ऐकू येत होती. काखेत कापडी पिशवी होती, तिच्यात मुलीचे दोन झगे, एक पेला आणि फडक्यात बांधलेली भाकर.

"भगताकडे नाही गेली," गोदा म्हणाली. "चला, गाडी निघून जाईल."